वाढदिवस तिचा, मग पुऱ्या कोणी तळायच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाककृती येतात, त्या जवळपास सगळ्या चार माणसांच्या. रोजच्याला ते ठीक आहे. पण बायकोचा वाढदिवस यंदा घरीच करायचा असं नवऱ्याने ठरवलं, तिच्या माहेरची चार आणि आपल्याकडची चार माणसं शनिवारी मुक्कामाला आली, रविवारी गावातली आणखी धरून पंगतीचा आकडा वीसवर गेला, की त्या कृतीला पाचाने गुणून भागत नाही. मग व्हायचं तेच होतं. जिचा वाढदिवस ती घामाघूम होऊन कढईपाशी उभी, आणि बाहेर सगळे ‘अगं ये ना आता’ म्हणत ताटकळलेले. आम्ही दोघी घरगुती स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेतो. आदल्या दिवशी येणारे घाबरेघुबरे फोन बहुतेक नवऱ्यांचेच असतात, म्हणून हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी. थोडं लांबेल.

आधी गुणाकाराचं. माणसं पाचपट झाली तरी फोडणीचं तेल, मोहरी, हिंग तिपटीच्या आसपास पुरतं. मीठ चौपट घालून चाखायचं, मग वाढवायचं. भाताचं पाणी प्रमाणाने कमी लागतं, कारण मोठ्या पातेल्यात वाफ होऊन उडणारं पाणी त्या मानाने थोडं असतं. वेळ मात्र वाढतो. चार बटाटे दहा मिनिटांत परततात, अडीच किलो परतायला अर्धा तास लागतो आणि तोवर खालचे करपतात. म्हणून मोठा बेत दोन रुंद भांड्यांत विभागून करावा. आपण पाककृतीखाली ‘वीस माणसांसाठी’ अशी एक ओळ छापलीत तर पुष्कळांची सोय होईल.

बेत ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: हा पदार्थ थांबतो की थांबत नाही? श्रीखंड थांबतं, उलट मुरल्यावर चांगलं लागतं. उसळ, चटणी, मठ्ठ्याचं वाटण, उकडलेले बटाटे, अळूवडीचे उंडे हे सगळं आदल्या दिवशीचं चालतं. पुरी अजिबात थांबत नाही. मसालेभात झाकून ठेवला तर पाऊण तास निघतो. एका जेवणात शेवटच्या अर्ध्या तासात गरम करायचे पदार्थ दोनच असावेत, फार तर तीन. घरी वाढदिवस करून दमलेली घरं बघितली, तर कष्ट कमी पडले असं सहसा नसतं. पुरी, भजी, बटाटेवडे आणि गरम जिलबी असे चार न थांबणारे पदार्थ एकाच बेतात घातलेले असतात.

आम्ही सुचवतो तो बेत जुनाच आहे: श्रीखंड-पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मटकीची उसळ, अळूवडी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात, मठ्ठा, आणि सुरुवातीला वरणभाताची लहानशी मूद.

श्रीखंड माणशी सव्वाशे ग्रॅम धरा, म्हणजे वीस जणांना अडीच किलो. त्याला साधारण एक किलो चारशे ग्रॅम चक्का आणि एक किलो शंभर ग्रॅम साखर. एवढा चक्का मलईच्या साडेतीन लिटर दुधातून निघतो. गुरुवारी रात्री विरजण लावायचं, दूध कोमट असताना. बोट सहज बुडवून ठेवता येईल इतकंच गरम असावं, जास्त गरम दुधात लावलेलं दही आंबट होतं आणि तार सुटते. शुक्रवारी सकाळी दही पंचात बांधून टांगायचं. उन्हाळ्यात इथेच घोटाळा होतो. दिवसभर ओट्यावर टांगलेला चक्का संध्याकाळपर्यंत आंबूस होतो, मग ती चव मारायला साखर वाढवत नेतात आणि श्रीखंड पातळ होतं. पहिले दोन तास बाहेर टांगा, बरंच पाणी तेवढ्यात जातं. मग पंचाचं गाठोडं चाळणीत, चाळणी पातेल्यावर, आणि सगळं फ्रीजमध्ये. गळलेलं पाणी फेकू नका, थालीपिठाचं पीठ त्यात छान भिजतं.

शुक्रवारी रात्री चक्क्यात साखर मिसळून झाकून फ्रीजमध्ये ठेवायची. साखर विरघळताना मिश्रण सैल होतं, ते बघून घाबरायचं नाही, फ्रीजमध्ये पुन्हा आळतं. शनिवारी सकाळी पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढायचं. मिक्सरला लावू नका, पातळ होतं आणि पुन्हा घट्ट होत नाही. कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलदोडा आणि जायफळ शेवटी. जायफळ चिमूटभरच, जास्त झालं तर कडवट लागतं. चक्का विकतचा आणलात तरी आणल्याबरोबर चाखा, आणि बोटाने दाबल्यावर पाणी सुटत असेल तर तास-दोन तास पुन्हा टांगा.

मे महिन्यात आमरस करणार असाल तर श्रीखंड सोडून द्या. दोन्ही केलं की दोन्ही उरतं. वीस जणांना मध्यम आकाराचे हापूस तीन डझन लागतात. अडीच डझनांत भागतं, पण दुसऱ्यांदा वाढताना हात आखडतो. हापूसमध्ये साका निघतो आणि तो बाहेरून कळत नाही, त्यामुळे दोन-तीन फळं वर धरावीत. रस सकाळी काढून गच्च झाकून फ्रीजमध्ये ठेवा, उघडा राहिला तर वरचा थर काळपट पडतो.

अळूवडी करायला लोक घाबरतात, पण पाहुण्यांच्या बेतात तिच्याइतका सोयीचा तळणीचा पदार्थ नाही, कारण तीन चतुर्थांश काम आदल्या दिवशी होतं. माणशी दोन वड्या म्हणजे चाळीस. त्याला चार उंडे, एका उंड्याला चार पानं, अशी सोळा मोठी पानं. पानं काळसर देठाची, वडीचीच घ्या. भाजीचा अळू वेगळा. घशाला खाज येते ती पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. ती टाळायला चिंचेचा आंबटपणा हवा आणि उंडा आतपर्यंत शिजायला हवा. साधारण अर्धा किलो बेसनाला पाऊण वाटी चिंचेचा दाट कोळ, तेवढाच किंवा थोडा जास्त गूळ, तिखट, हळद, तीळ, ओवा, गोडा मसाला. पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट ठेवा.

पान उलटं ठेवायचं, शिरा वर. जाड देठ सुरीने तासायचा आणि मधल्या शिरेवरून लाटणं फिरवायचं, नाहीतर गुंडाळताना पान तिथेच फाटतं. सर्वांत मोठं पान खाली. त्यावर हाताने पिठाचा पातळ थर. दुसरं पान टोक उलट दिशेला करून त्यावर ठेवायचं, पुन्हा पीठ, असं चार पानांपर्यंत. मग दोन्ही कडा आत दुमडून खालून वर घट्ट वळत जायचं आणि प्रत्येक घडीवर पिठाचं बोट फिरवायचं. पोकळी राहिली तर तळताना वडीचे पदर सुटतात. वीस मिनिटं वाफवून, गार करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. गरम उंडा कापायला घेतला की सुरीबरोबर पीठ ओढलं जातं आणि वडी तुटते. गार उंड्याच्या बोटभर जाडीच्या दहा-बारा वड्या सरळ पडतात. रविवारी फक्त तळायच्या, त्याही पुऱ्यांच्या आधी, त्याच तेलात. थोड्या कोमट झाल्या तरी बिघडत नाही.

मटकी पाऊण किलो, शुक्रवारी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, थंडीत जास्त वेळ लागतो. मोड आले की गाठोडं फ्रीजमध्ये, बाहेर राहिलं तर मटकी बुळबुळीत होऊन वास धरते. बटाटे अडीच किलो शनिवारी रात्री उकडा, सालं न काढता ठेवा, सकाळी सोला. दीड किलो काकडी चोचवून ठेवली तरी चालेल, पण मीठ आणि दही पानं घेताना घाला. आधी घातलेल्या मिठाने पाणी सुटतं आणि ताटात त्याचं आळं पसरत जाऊन पुरी भिजते.

मसालेभाताला सव्वा किलो तांदूळ पुरतो, कारण आधी पुऱ्या झालेल्या असतात. साधारण सहा वाट्या तांदूळ होतो. तो धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचा. पाऊण वाटी तेलाची फोडणी, त्यात तोंडली, मटार, काजू, मग तांदूळ परतून गोडा मसाला, आणि अकरा वाट्या उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की शिजणं थांबतं आणि दाणा वरून मऊ, आत कच्चा राहतो. मीठ घातल्यावर पाणी चमच्याने चाखा. ते किंचित खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ मीठ ओढतो. पातेलं आठ लिटरचं घ्या. पाणी आटलं की पातेल्याखाली तवा सरकवून मंद आचेवर दहा मिनिटं वाफ आणायची, आणि डाव फिरवायचा मोह आवरायचा. फिरवलं की शितं मोडतात आणि खिचडी होते.

आता पुरी. माणशी पाच, म्हणजे शंभर, वर दहा. दीड किलो कणीक, मूठ-दोन मुठी बारीक रवा, चार मोठे चमचे तेलाचं मोहन, पाणी पाऊण लिटरच्या आत, घट्ट. यातून वीस ग्रॅमच्या एकशेदहा लाट्या होतात. अर्धा तास भिजू द्या, त्याहून फार आधी मळली तर सैल पडते. लाटताना पीठ लावू नका, तेलाचं बोट लावा. कोरडं पीठ कढईत उतरून जळतं आणि पुढच्या पुऱ्यांना काळे ठिपके येतात. पुरी फुगत नाही याची कारणं तीनच: कणीक सैल, लाटी कडेला जाड-मध्ये पातळ, किंवा तेल पुरेसं तापलेलं नाही. तळलेली पुरी डब्यात झाकून ठेवली की स्वतःच्याच वाफेने लिबलिबीत होते. परातीत, उभी, उघडी ठेवा.

मोठ्या कढईत एका वेळी चार पुऱ्या, पाऊण मिनिटाचा घाणा, म्हणजे नुसतं तळण वीस-बावीस मिनिटांचं. पण हे दोन जण लाटायला आणि एक तळायला असेल तर. एकट्या माणसाने लाटायचं आणि तळायचं म्हटलं की तास उलटतो, आणि घरोघरी ते एकटं माणूस कोण असतं हे सांगायला नको. ज्यांना घरात तीन जोड हात मिळणार नाहीत त्यांनी सरळ पोळ्यावाल्या मावशींना दोन तासांसाठी बोलवावं, तेही आठ दिवस आधी सांगून, कारण रविवार त्यांच्याही सुट्टीचा असतो. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर पैसे तसे द्या. नाहीतर पुऱ्यांऐवजी साठ घडीच्या पोळ्या मागवा. श्रीखंडाबरोबर पोळी खाल्ल्याने वाढदिवसाला कमीपणा येत नाही.

पंगत साडेबाराची असेल तर मागे मोजत यायचं. पुऱ्या सव्वाबाराला सुरू, त्याआधी औक्षण, पावणेबाराला अळूवड्या, सव्वाअकराला कणीक आणि लगेच भात चुलीवर, साडेदहाला बटाट्याची फोडणी. सकाळचा नाश्ता साडेआठच्या आत आटपा. दहा वाजता डिशभर पोहे दिलेत तर साडेबाराला पान कोणी मनापासून घेत नाही. गॅस आदल्या दिवशी तपासा. सिलिंडरवरून ओलं फडकं फिरवा. वरचा रिकामा भाग लवकर वाळतो, गॅस असलेला भाग जरा जास्त वेळ ओला राहतो, त्या रेषेवरून अंदाज येतो.

मुक्कामाच्या पाहुण्यांत सगळ्यात अवघड गणित न्हाणीघराचं. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर पूर्ण तापायला वीस मिनिटं घेतो आणि त्यात विसणासह जेमतेम दोन बादल्या होतात. घरचे चार, पाहुणे आठ, म्हणजे बारा आंघोळी आणि निदान दोन तास. म्हणून सहाला सुरुवात, वडीलधारे आधी, आणि तरुण मंडळींनी शनिवारी रात्रीच उरकून घ्यावं. गीझर चालू असताना त्याच लाइनवर मिक्सर आणि मायक्रोवेव्ह लावला की ट्रिप होतं आणि ते नेमकं वाटण करताना होतं. झोपायला दहा बाय बाराच्या खोलीत कागदावर सहा गाद्या बसतात, कपाट-पलंग धरून चारच. गुडघे दुखणाऱ्यांना पलंग द्या, आणि तो संडासाच्या जवळच्या खोलीतला द्या. कोणाचं इन्सुलिन असेल तर फ्रीजच्या दारात जागा ठेवा. फ्रीझरच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. अशा माणसाचं पान पंगतीसाठी ताटकळत ठेवायचं नाही आणि ‘आज एक दिवस चालतं’ म्हणत श्रीखंडाचा आग्रहही करायचा नाही.

तारीख पक्की करण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. संकष्टी असेल तर उपास करणारे दुपारी जेवणार नाहीत, त्यांचं पान चंद्रोदयानंतर. एकादशी असेल तर बेत बदला किंवा वार बदला. तिथीने वाढदिवस मानणारी वडील माणसं असतील तर तिथीच्या दिवशी घरातल्या घरात औक्षण करावं आणि जेवण रविवारी ठेवावं. तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिन्याच्या वर्षी, जसा २०२३मध्ये अधिक श्रावण आला होता, पुन्हा पुढे सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या अंदाजाने ठरवू नका.

औक्षणाचं तबक शनिवारी रात्री लावून ठेवा: निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, पेढा. अक्षतांना न मोडलेले तांदूळ घ्या आणि कुंकवात पाण्याचे दोनच थेंब टाका, जास्त झालं तर गोळा होतो. फुलवात पातळ तुपात आधी बुडवून तिचं टोक पिळून ठेवा, कोरडी वात भुरकन जळते आणि विझते. पंखा बंद. पाटावर बसणं जमत नसेल तर खुर्ची चालते.

ओवाळायचं कोणी, यावर मात्र आम्हाला स्पष्ट लिहायचं आहे. वाढदिवस असलेल्या बाईची आई किंवा सासू विधवा असली तर तिला आजही पुष्कळ घरांत मागे उभं केलं जातं, कधी कोणी न सांगता ती स्वतःच मागे होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांच्या बंदीचा ठराव २०२२मध्ये केला. एका गावाला जे जमलं ते शिकलेल्या घरांना न जमायचं कारण नाही. तबक पहिल्यांदा आईच्या हातात द्या, आणि ते नवऱ्याने द्यावं, म्हणजे पुढचं कुणी काही बोलत नाही.

केक दुपारी नको. श्रीखंडावर केक कोणाच्याच घशाखाली उतरत नाही. संध्याकाळी पाचला, चहाबरोबर. वीस जणांना दोन किलोचा. त्याच्या खोक्यासाठी फ्रीजचा एक अख्खा कप्पा आधीच मोकळा ठेवा, आणि चिरलेला कांदा उघडा असेल तर तो हलवा, क्रीम वास धरतं. मे महिन्यात फ्रेश क्रीमचा केक कापण्याआधी फार तर पंधरा मिनिटं बाहेर काढावा, नाहीतर वरची फुलं घसरतात. रात्री बाराचा केक तर पाहुणे असताना करूच नये. बैठकीत गाद्या घातलेल्या असतात आणि वरच्या मजल्यावर परीक्षेचा अभ्यास चालू असतो.

उरलेल्या भाताचं तेवढं सांभाळा. पातेल्यात तसाच रात्रीपर्यंत ठेवू नका. शिजवल्यावरही भातात काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात, कोमट भातात ते वाढतात, आणि नंतर गरम केलं तरी त्यांचं विष जात नाही. जेवणं झाल्याबरोबर पसरट भांड्यात पसरून, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने निघणाऱ्यांना श्रीखंड बांधून देऊ नका, उन्हात ते आंबतं आणि डब्यातून गळतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा द्या. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या तर दुपारपर्यंत मऊ राहतात, पण गरम असताना डब्यात भरू नका. पूर्ण निवल्यावर फडक्यात गुंडाळा, मग डबा.

आपल्या,
घरगुती स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेणाऱ्या दोघी,
सातारा